मेंदूच्या परीक्षेत पास

माझ्या नवऱ्याला सगळे रेडिओ म्हणतात. मीही लग्नाआधीपासून रेडिओच म्हणते. अहो-जाहो मला कधी जमलं नाही आणि सासूबाईंना ते कधी पटलं नाही. पण आमच्या घरात न पटलेल्या गोष्टींची एवढी गर्दी आहे, की त्यात ही एक कुठल्या कुठे हरवून गेली.

रेडिओ सलूनमध्ये कारागीर. दाराकडून दुसरी खुर्ची त्याची. बाहेरच्यांना वाटतं खुर्ची म्हणजे खुर्ची, पण सलूनमध्ये कारागिराची खुर्ची ही त्याची इस्टेट असते. तिच्यासमोरचा आरसा, फळीवरच्या बाटल्या, तिच्यावर येऊन बसणारी गिऱ्हाइकं, सगळं त्याचं. गिऱ्हाईक बसलं, गळ्याभोवती कापड बांधलं, की ह्याचं तोंड सुरू. कोणाच्या मुलीला कुठे नोकरी लागली, कोणाचा गुडघा कुठल्या डॉक्टरने बिघडवला, कोण कोणाशी बोलत नाही आणि का बोलत नाही. वर कात्री चालते, खाली तोंड. लोक केस वाढलेले नसतानाही यायचे. "रेडिओ, बातम्या लाव रे," म्हणत ऐसपैस बसायचे. सलूनचा मालक, ज्याला सगळे शेठ म्हणतात, तो कुरकुरायचा की एका डोक्याला दोन डोक्यांचा वेळ घेतो. पण कुरकुर खोटी होती. गर्दी कोणामुळे होते ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

आणि मग मध्येच रेडिओ बंद पडायला लागला.

म्हणजे पडायचा नाही, तडफडायचा नाही, तोंडाला फेस नाही, लोक ज्याला फीट समजतात तसलं काही नाही. बोलता बोलता थांबायचा. नजर आरशात, पण आरशातलं काही बघत नसायची. तोंड उगीच चघळल्यासारखं हलायचं. उजवा हात वस्तऱ्यासकट ताठ आणि डावा हात गिऱ्हाइकाच्या अंगावरचं कापड चुरगाळत बसलेला. थोड्या वेळाने परत यायचा आणि विचारायचा, "हं, काय म्हणत होतो मी?" सुरुवातीला लोक हसायचे. "स्टेशन सुटलं वाटतं," म्हणायचे. तोही हसायचा. काय झालं हे त्याला माहीतच नसायचं, मग हसायला काय जातं?

एक दिवस एका माणसाची अर्धी दाढी झाली आणि रेडिओचा वस्तरा त्याच्या गळ्याशी थांबला. लागलं नाही, खरचटलंसुद्धा नाही. पण तो माणूस आरशात ह्याचे डोळे बघून असा काही घाबरला, की अर्ध्या तोंडाला फेस तसाच घेऊन रस्त्यावर पळाला. शेठने त्या दिवशी वस्तरा काढून घेतला. पुढे कात्री. मग खुर्ची. आता रेडिओ टॉवेल धुतो, वाळत घालतो, घड्या करतो आणि जमिनीवरचे केस झाडतो. शेठ वाईट माणूस नाही हो. वाईट असता तर मी निदान मनसोक्त शिव्या तरी घातल्या असत्या. तो एवढंच म्हणाला, "डॉक्टरांनी सांगू दे की झटके थांबले, दुसऱ्या दिवशी खुर्ची तुझी. तोवर मी तिच्यावर कोणाला कायमचा बसवत नाही." रेडिओने ते वाक्य धरून ठेवलं. बाकी सगळं विसरायचा, पण तेवढं विसरला नाही.

कारण झटक्यांबरोबर विसरणंही आलं होतं. त्याच माणसाला तीच बातमी एकाच कटिंगमध्ये दोनदा सांगायचा. कालचं गिऱ्हाईक आज आलं तर "बऱ्याच दिवसांनी!" म्हणायचा. मी काही आणायला सांगितलं तर जिना उतरेपर्यंत ते हवेत विरलेलं. गंमत म्हणजे जुनं सगळं शाबूत. लहानपणीच्या मारामाऱ्या, आमच्या लग्नात कोणी कोणाची चप्पल ढापली, सगळं तोंडपाठ. नवीन मात्र आत शिरायचंच नाही. मी भांडायचे, ओरडायचे, मग रडायचे. दुसऱ्या दिवशी त्याला भांडणही आठवायचं नाही. नवऱ्याशी भांडून काही उपयोग नसतो हे सगळ्याच बायका म्हणतात, माझ्याइतकं खरं कोणाचं नसेल.

आता सासूबाई. त्या शाळेत शिक्षिका होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी आख्खी गल्ली त्यांना बाई म्हणते आणि त्या आख्ख्या गल्लीला वर्ग समजतात. लहान वर्गांना शिकवायच्या. "माझ्या हाताखालून गेलेलं एकही पोर नापास झालं नाही," हे वाक्य मी लग्न होऊन घरात आल्याच्या दिवशी ऐकलं आणि तेव्हापासून ऐकतेच आहे. त्यांची पद्धत एकच, घोकंपट्टी. टाळीच्या ठेक्यावर म्हणून घ्यायचं, चुकलं की पहिल्यापासून. मूल रडलं तरी चालेल, उत्तर आलं पाहिजे. मुलाच्या आजाराला मात्र त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. "त्याला चक्कर येते," एवढंच. मी एकदा शेजारणीसमोर फीट म्हणाले, तर चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. ते चार दिवस तसे बरे गेले.

मोठ्या हॉस्पिटलमध्ये नंबर लागला तेव्हा मी म्हटलं, सुटलो. तिथल्या डॉक्टरांनी रेडिओला मशीनमध्ये घातलं आणि मेंदूचे फोटो काढले. मग आम्हा तिघांना बसवून पडद्यावर दाखवले. कानाच्या मागे, आत खोलवर, दोन्ही बाजूंना करंगळीएवढा एकेक वळणदार भाग असतो म्हणे. नवीन गोष्टी लक्षात ठेवायचं काम त्याचं. उजवीकडचा चांगला भरलेला दिसत होता. डावीकडचा सुकलेल्या शेंगेसारखा. "झटके इथूनच सुरू होतात," डॉक्टर म्हणाले. "लहानपणी तापात कधी मोठा झटका आला होता का?" सासूबाई म्हणाल्या, "झटका नाही. तापात जरा डोळे फिरवले होते." किती वेळ, असं डॉक्टरांनी विचारलं, तर त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. तो सुकलेला भाग ऑपरेशन करून काढला तर झटके थांबण्याची चांगली आशा आहे. पण आधी बघावं लागेल की तो भाग अजून काही काम करतो का. काही करत नसेल, तर काढून नुकसान नाही. करत असेल, तर काढल्यावर शब्द जातील, नावं जातील, आहे तेवढी आठवणही जाईल. त्यासाठी एक चाचणी, मग आणखी एकदा मशीन. मी नीट ऐकलं. रेडिओनेही ऐकलं आणि विसरला. सासूबाईंनी त्या सगळ्यातला एकच शब्द ऐकला. चाचणी.

पहिली चाचणी त्याच दिवशी झाली. एका छोट्या खोलीत एक मुलगी बसली होती, शांत आवाजाची. खरं तर घरच्यांना आत सोडत नाहीत. पण रेडिओला सकाळीच झटका येऊन गेला होता, म्हणून तिने सासूबाईंना कोपऱ्यात बसायला दिलं. मी बाहेर औषधांच्या रांगेत. त्या मुलीने काही शब्द वाचून दाखवले आणि थोड्या वेळाने आठवतील तेवढे सांगायला लावले. रेडिओला जेमतेम दोन-तीन आठवले. मुलगी म्हणाली, "आज तब्येत बरी नाही, ही धरायला नको. पुढच्या खेपेला पुन्हा घेऊ." सासूबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा असा होता, जणू कोणी भर चौकात त्यांचा अपमान केला असावा.

मधल्या काळात घरात टाळ्या सुरू झाल्या. मी पडदे शिवायच्या कारखान्यात जाते, संध्याकाळी येते. आले की आतल्या खोलीतून आवाज. शिडी, लिंबू, टोपी, टाळी. बदक, वाळू, खिळा, टाळी. मी विचारलं, हे काय चाललंय? सासूबाई म्हणाल्या, "डोक्याला व्यायाम. तुला काय त्याचं?" मला बरंच वाटलं. म्हटलं, म्हातारी निदान काहीतरी करतेय. रेडिओ कंटाळायचा, चुकायचा, पहिल्यापासून म्हणायचा. एवढ्यांदा म्हटल्यावर दगडावरसुद्धा ओरखडा उमटेल. उमटला.

पुढच्या खेपेला त्या शांत मुलीने तेच शब्द घेतले. तिचा तरी काय दोष? ज्या माणसाला सकाळचं दुपारी आठवत नाही, त्याला मागच्या महिन्यातले शब्द आठवतील असं कोणाच्या मनात येईल? आणि कोपऱ्यात बसलेली म्हातारी ते टिपून घेईल, हे तर कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. आजारी मुलाला कॉपी करायला लावून पास करणारी आई डॉक्टरांच्या पुस्तकात नसते.

मग मशीन. ह्या वेळी आत पडून आरशातून शब्द बघायचे, ते लक्षात ठेवायचे आणि ओळखीचा वाटला की बटण दाबायचं. शब्द लक्षात ठेवताना मेंदूचा कुठला भाग जागा होतो, ते बाहेरून दिसतं. सासूबाईंनी दाराशी त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. मला वाटलं धीर देतायत. आत मशीन ठकठक करत होतं, भिंतीपलीकडे आम्हालाही ऐकू येत होतं. बाहेर आल्यावर रेडिओ खुशीत होता. "ठेका मस्त होता," म्हणाला. मी हसले. काय समजणार मला?

डॉक्टरांच्या बैठकीनंतर आम्हाला बोलावलं. डॉक्टरांनी दोन-तीनदा कागद उलटेपालटे केले आणि म्हणाले, "फोटोत भाग सुकलेला दिसतो, पण चाचणीत ह्यांची आठवण चांगली निघाली. खूपच चांगली. मशीनमध्येही डावी बाजू काम करताना दिसली. म्हणजे तो भाग दिसतो तेवढा निकामी नाही. आत्ता तो काढला तर ह्यांचं नुकसान होईल. ऑपरेशन नको. औषधं बदलून बघू."

रेडिओने विचारलं, "मग खुर्ची?" डॉक्टरांना कळेना कसली खुर्ची. आणि सासूबाई! त्यांचा चेहरा उजळला होता. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "ऐकलंस ना? खूपच चांगली म्हणाले." जन्मात पहिल्यांदा त्यांनी माझा हात हातात घेतला. ऑपरेशनला नकार मिळाला हे त्या पूर्ण विसरल्या होत्या. पोरगा पास झाला होता.

नवीन औषधांनी तो सुस्त झाला, झटके होते तसेच. शेठ आठवड्यातून एकदा विचारायचा, मग विचारायचा बंद झाला. असे कित्येक महिने गेले. एक दिवस मी त्याला खालून साबण आणायला पाठवलं. रिकाम्या हाताने वर आला. पुन्हा पाठवलं, पुन्हा रिकामा. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "एक साबण लक्षात राहत नाही! आणि हॉस्पिटलमध्ये बरे ते ढीगभर शब्द आठवले रे तुला!"

तो अगदी सहज म्हणाला, "त्याची तयारी होती ना. आईने करून घेतली होती. तेच शब्द आले." आणि टाळी वाजवून दाखवली. शिडी, लिंबू, टोपी.

"आणि मशीनमध्ये?"

"मशीनमध्येही तेच म्हणत होतो मनात. आईने तेही रोज घोकून घेतलं होतं, आत गेलास की थांबू नकोस, चालू ठेव."

म्हणजे मशीनमध्ये डावी बाजू जागी दिसली, ती ह्या घोकण्यामुळे. मी तडक आतल्या खोलीत गेले. काय काय बोलले ते सगळं इथे सांगण्यासारखं नाही. सासूबाई आधी म्हणाल्या, "तयारी करून घेतली तर काय चुकलं?" मी समजावलं. अगदी लहान मुलाला समजावतात तसं. की तिथे नापास व्हायचं होतं. की आठवण नाही हे कळलं असतं, तर तो निकामी तुकडा काढून टाकला असता आणि हा माणूस आज खुर्चीमागे उभा असता. त्या ऐकत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "नापास व्हायची कुठे परीक्षा असते का?"

मी दुसऱ्याच दिवशी हॉस्पिटल गाठलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, माझा राग जरा वाटला गेला असता. नवे शब्द काढले, सासूबाईंना घरी ठेवलं. रेडिओ सपशेल नापास. मला इतका आनंद झाला, की मी त्या शांत मुलीला मिठी मारली. ती बिचारी बावरली. नवऱ्याला काही आठवत नाही म्हणून बायको नाचतेय, असं तिने कधी बघितलं नसणार. डॉक्टर म्हणाले, "मशीनला पुन्हा नंबर लावतो. सगळं नीट असेल तर ऑपरेशन करू."

नंबर यायच्या आत रेडिओ सलूनमध्ये टॉवेलच्या ढिगावर कोसळला. ह्या वेळी लोक ज्याला फीट समजतात तसली. एक थांबते तोवर दुसरी. शेठने स्वतः उचलून गाडीत घातला. शुद्धीवर आणायला डॉक्टरांच्या नाकीनऊ आले. वाचला. मग पुन्हा फोटो, डोक्याला तारा लावून कित्येक दिवस तपासणी. आणि पुन्हा तीच खोली, तोच पडदा.

ह्या वेळी समजावून सांगायची गरज नव्हती. मला आता ते फोटो वाचता येत होते. उजवीकडचा भरलेला भागही सुकायला लागला होता. झटके आता दोन्ही बाजूंनी निघत होते. "आधी उजवी बाजू शाबूत होती," डॉक्टर म्हणाले. "तिच्या भरवशावर डावी काढता आली असती. आता कोणाच्या भरवशावर काढू?" मी विचारलं, आधीच केलं असतं तर? ते म्हणाले, "खात्रीने कोणीच सांगू शकत नाही." चांगला माणूस आहे. खोटं बोलता येत नाही त्यांना.

शेठने खुर्चीवर दुसरा कारागीर बसवला. मी त्याला बोल लावला नाही.

घरी आल्यावर रेडिओने विचारलं, "ऑपरेशन कधी ठरलंय गं?" सासूबाई समोरच होत्या. मी मुद्दाम त्यांच्यासमोर सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. त्याचा चेहरा पांढरा पडला. आईकडे बघत राहिला. मग उठून तिच्याजवळ जाऊन बसला आणि म्हणाला, "असू दे आई. माझ्यासाठीच केलंस ना तू?" सासूबाईंना मी पहिल्यांदा रडताना बघितलं. मला वाईट वाटलं नाही. अजिबात नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं. "ऑपरेशन कधी ठरलंय गं?" त्याला काहीच आठवत नव्हतं. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा तोच पांढरा चेहरा, पुन्हा तो उठला, पुन्हा "असू दे आई." तिसऱ्या दिवशी तेच. मला वाटत होतं, मी म्हातारीला शिक्षा देतेय. पण पुढे पुढे तो विचारायच्या आतच त्या त्याच्याजवळ जाऊन बसायला लागल्या. "बाळा, माझ्यामुळे तुझं ऑपरेशन राहिलं रे." तो दचकायचा, त्याचा चेहरा उतरायचा, आणि मग तो म्हणायचाच. एखाद्या दिवशी नाही विचारलं, तर त्यांना जेवण जायचं नाही. स्वतःच विषय काढायच्या.

शेवटी माझा स्फोट झाला. त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, "पुरे करा आता. तुमचं मन हलकं होतं, पण त्याला रोज नव्याने लागतं. रोज पहिल्यांदाच कळतं त्याला. किती वेळा माफ करायला लावणार?"

त्या भांडी पुसत होत्या. पुसत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्याने दिलेली माफी उद्या उरत नाही गं. मला पुन्हा मागावी लागते." फडकं बाजूला ठेवलं. "तू एकदा म्हण ना. असू दे, एवढंच. तू म्हणालीस तर टिकेल. तुझ्या लक्षात राहील."

मी त्यांच्याकडे बघितलं. दोन शब्द होते. मला म्हणता आले नाहीत.

बाहेरून रेडिओची हाक आली, "अगं, ऐकलंस का? माझं ऑपरेशन कधी ठरलंय?"

सासूबाईंनी पदराला हात पुसले आणि त्याच्याकडे गेल्या.